पट्टी धरणारा

ओसाका, १८ जानेवारी २०२५

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फोनवर मी नुसतं हं हं करतो म्हणून तू रागावलीस. दुकान खाली आणि घर वर आहे. फोन असतो तिथेच ओतोसान, म्हणजे माझे सासरे, मिओचे वडील, चहा घेत बसतात. त्यांना मराठी कळत नाही, पण सूर कळतो. म्हणून हे पत्र.

मिओला जाऊन तीन महिने झाले. रोज सकाळी तिच्या फोटोपुढे भात आणि पाणी ठेवतो. आमची लेक रुचा शाळेत जाते, जेवते, फार बोलत नाही.

आमचं काम तुला कधी नीट सांगितलं नव्हतं. शिकारीच्या रायफलची नळी झिजली की आम्ही ती बदलतो. नळी आणि बॉडी यांच्यामध्ये एक जाड पोलादी पट्टी असते, रिकॉइल लग. तिचं टोक लाकडी दस्त्याच्या खाचेत बसतं आणि गोळी सुटतानाचा धक्का झेलतं. आटे आवळताना शेवटच्या पाव फेऱ्यात ही पट्टी त्यांच्याबरोबर फिरू पाहते. तेव्हा ती सरळ धरून ठेवावी लागते. एकदा आवळली की हलत नाही. चुकलं तर सगळं सोडून पुन्हा करायचं. धरायला जिग नावाचा तयार साचा मिळतो, पण ओतोसाननी कधी घेतला नाही. मिओ पंधरा वर्षांची असल्यापासून स्टुलावर बसून गुण्या लावून पट्टी धरायची आणि ते पाना फिरवायचे. दोघं एक शब्द बोलत नसत.

आता ते एकटेच करतात. मला बोलावत नाहीत. मी कागदपत्रं आणि साफसफाई बघतो. गेल्या आठवड्यात एक रायफल पुसताना दिसलं की पट्टी डावीकडे कलली आहे. दस्ता बसेना म्हणून त्यांनी पटाशीने खाच रुंद केली आहे. अशी बंदूक नेम धरत नाही. हरीण जखमी होऊन डोंगरात शिरतं आणि शिकारी त्याच्या मागे. गिऱ्हाईक पंधरा फेब्रुवारीला न्यायला येईल.

मिओच्या एकोणपन्नासाव्या दिवसाचे, म्हणजे इथल्या तेराव्याचे, विधी झाल्यावर ओतोसान म्हणाले होते की हातून चूक झाली त्या दिवशी शटर ओढीन. शटर ओढलं की मी मोकळा, एप्रिलपासून पुण्यात भाऊजींच्या टूलरूममध्ये कामाला. तेव्हा मी बोललो तर बंदुकीसाठी बोललो की स्वतःसाठी, हे माझं मलाच सांगता येत नाही. आठ दिवस गप्प आहे.

थंडीत गुडघे सांभाळ. पत्राला उशीर झाला तरी लोभ कमी धरू नयेस.

तुझा,
देवदत्त


पुणे, २९ जानेवारी २०२५

चि. देवदत्त यास
जयमालाचे अनेक आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. तुझे भाऊजी म्हणाले, हा लहानपणी शाळेत काच फुटली तरी कोणी फोडली ते सांगण्याआधी तीन दिवस जेवायचा नाही. अरे, वाकडं ते वाकडं. कोणाच्या फायद्याचं ते नंतर बघ. उद्या डोंगरात त्या माणसाला काही झालं तर तुला झोप लागणार आहे का?

कंपनीने तुला तीन वर्षांसाठी पाठवलं होतं, सोळा झाली. एकोणतीस मार्चची दोन तिकिटं काढली आहेत. वरची खोली रंगवून घेतली. रुचा फोनवर सारखी 'हाय, हाय' म्हणते, तिकडे त्याचा अर्थ 'हो' म्हणे, ह्यांना वाटलं पोरीचं काही दुखतंय. इथे आली की महिन्यात बोलायला लागेल.

वेळेवर जेव. माया आहे म्हणूनच बोलते, हे धरून चाल.

ताई


ओसाका, १२ फेब्रुवारी २०२५

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी सांगितलं. पट्टी वाकडी आहे, एवढंच बोललो. ओतोसाननी हात धुतले आणि ते वर गेले. जेवायला खोलीबाहेर आले नाहीत. मी मनात सामान बांधू लागलो होतो, हे लपवत नाही.

सकाळी खाली आलो तर शटर उघडं होतं. नळी व्हाइसच्या पकडीत लावलेली होती, मिओचं स्टूल पुढे ओढलेलं होतं आणि त्यावर तिचा गुण्या. मला कोणी बस म्हटलं नाही. मी बसलो. त्यांचे हात कापतात, पण पान्यावर जोर आला की थांबतात. शेवटच्या पाव फेऱ्यात पट्टी अंगठ्याखालून ओढ घेते, हे मला माहीत नव्हतं. धरून ठेवली. सरळ आली. खाच त्यांनी भरून पुन्हा कोरली. गिऱ्हाइकाला त्यांनी स्वतः फोन करून चूक सांगितली आणि आठ दिवस मागून घेतले. मग मला म्हणाले, उद्या अर्धा तास लवकर ये, आणखी तीन नळ्या आहेत.

शटर ओढण्याचं नाव नाही. मी निघालो तर पट्टी कोण धरणार? तिकिटांचं काय करावं सुचत नाही.

भाऊजींना नमस्कार. तुझा लोभ आहे, म्हणून हे लिहवलं.

देवदत्त


पुणे, २३ फेब्रुवारी २०२५

चि. देवदत्तास
आशीर्वाद.

बंदुकीचं मला कळत नाही, पण ह्यांना कळलं. म्हणाले, एवढ्यासाठी माणूस अडकवून ठेवायचा? तुझ्याकडून ह्यांनी फोनवर मापं घेतली ती यासाठी. जिग केला आहे, दोनदा घासून घेतला आहे, आजच पाठवला. आता एकटा माणूसही आवळू शकेल. तुम्ही दोघं निघा.

वाट बघते आहे, इतकं पुरे.

ताई


ओसाका, १० मार्च २०२५

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पार्सल मिळालं. जिग अचूक बसतो. ओतोसाननी बोट फिरवून पाहिलं आणि ज्याने केला त्याचा हात चांगला आहे म्हणाले. भाऊजींना सांग. मग मला बाजूला करून एकट्याने एक नळी आवळली. पट्टी सरळ आली.

त्यांनी विचारलं, तिकीट किती तारखेचं आहे. मी त्यांना तिकिटाचं कधी बोललो नव्हतो. एकोणतीसचं, म्हणालो. त्यांनी मान हलवली, जिग पुसला आणि डब्यात ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नळी व्हाइसमध्ये होती. स्टूल भिंतीशी होतं. जिगचा डबा उघडून समोर ठेवलेला होता. ते हातात पाना घेऊन उभे होते, डब्याकडे हात नेत नव्हते, माझ्याकडे पाहतही नव्हते. मी स्टूल ओढलं.

तिकिटं परत कर. त्यांनी थांब म्हटलं नाही, ताई. म्हटलं असतं तर मला 'नाही' म्हणता आलं असतं.

रंगवलेल्या खोलीची खिडकी अधूनमधून उघडत जा. लोभ असू दे.

तुझा,
देवदत्त