साकवासाठी दोन ओळी

शुवैख, कुवेत
शुक्रवार, ता. ८ नोव्हेंबर १९६३

अजीज अशरफ यास,
कमालकडून अस्सलामु अलैकुम आणि दुआ.

मी इथे खुशाल आहे. तू, सुगरा आणि पोरं तिथे खुशाल असाल अशी उमेद आहे. हवेत गारवा आलाय. बंदरावर माल इतका उतरतोय की गोदामात पाय ठेवायला जागा नाही. गेल्या हप्त्यात पायावर पेटी पडली, अंगठा सुजून वांग्याएवढा झाला. सरकारी दवाखान्यात गेलो तर सुई, पट्टी, गोळ्या, सगळं फुकट. गाव कुठलं, बाप कोण, कोणी विचारलं नाही. मी या मुलखात एक पैसा कर भरत नाही, तरी पट्टी बांधून दिली. फुकट मिळालं की मला शंका येते, पण अंगठा बरा आहे.

तुझं पत्र तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा एकाच जागी अडलो. तू म्हणतोस, कुवेतच्या आपल्या जमातीने दोन ओळी लिहून पाठवाव्यात की खाडी पायी ओलांडायला साकव बांधणं आम्हाला जमणार नाही, सरकारने बांधावा. तो कागद फेब्रुवारीच्या आत तालुक्याला पोहोचला तर गावाचं नाव यादीत परत चढेल, नाहीतर आणखी एक वर्ष गेलं.

सरकारला साकव बांधायचा तर आमची नामुष्की लेखी कशाला हवी? आणि यादीतून नाव मुळात उतरलं कसं? तू फक्त ‘मागे काही गैरसमज झाला’ एवढंच लिहून पुढे गेलास. ताकाला जाऊन भांडं का लपवतोस? गेल्या डिसेंबरात ओव्हरसियर आला तेव्हा पंच तू होतास, मोजणीची साखळी धरून खाडीवर तू फिरत होतास. त्याच्या कानात कोणी काय घातलं ते तुलाच ठाऊक असणार. मी रजेवर आलेला पाहुणा, मला काय माहीत.

मला दिसतं ते असं. सरकारी साकव आला की त्याच्यामागून पंचायतीचा हिस्सा येणार, हिश्शामागून वाढीव घरपट्टी येणार, आणि ती घर बघून लागणार. चिऱ्याची भिंत आणि मंगळुरी कौलं गावात किती घरांना आहेत? जी आहेत ती सगळी कुवेतवाल्यांची, आणि त्यात मोठं माझं. पंच झाल्यावर तू पहिला ठराव केलास तो हाच, घर बघून घरपट्टीचा. वाटणीत तुला जुनं घर आलं ही गोष्ट तू विसरला नाहीस, मीही विसरलो नाही.

दर शुक्रवारी जुम्म्यानंतर खोलीवर यावरच कालवा असतो. साकव आपणच बांधू असं मी वर्षभर सांगतोय, पण वर्गणी माणशी सारखी की पगाराप्रमाणे, यावरच गाडं अडलंय. कागदाचं मी अजून कोणाला बोललो नाही. आधी तू खरं काय ते लिही.

घरून जमिला लिहिते की असमा तुझ्या घरी पाऊल टाकत नाही, तू वाटेत दिसलास तर तोंड फिरवते. मी त्यात पडत नाही. माझी पोर आहे, तिला काहीतरी कळलं असेल म्हणूनच ना. ऑगस्टात झालं ती अल्लाची मर्जी. त्यावर मी लिहिणार नाही.

कमाल


शुवैख, कुवेत
शुक्रवार, ता. २० डिसेंबर १९६३

अशरफ यास,
सलाम.

तुझं उत्तर आलं. मी विचारलं एक, तू लिहिलंस भलतंच. भात किती झालं, म्हैस व्याली, आणि शेवटी पुन्हा तेच, ‘दोन ओळींचं बघ’. पाणी कुठेतरी मुरतंय, आणि आता कुठे ते मला कळलंय. तू इथे आपल्या गावच्या रियाजला वेगळं पत्र टाकलंस. गॅरेजमधला त्याचा सोबती बोलता बोलता बोलून गेला. रियाजला विचारलं तर हात पुसत म्हणाला, “माझं पत्र हाय, तुला का दाखवू?” सख्ख्या भावाला चुलीवरच्या गोष्टी आणि मेकॅनिकला कामाच्या, हा कुठला न्याय?

आज खोलीवर त्याने तोंड उघडलं. वीसेक माणसं होती, भात अजून शिजत होता. रियाज म्हणाला की आपण साकव बांधायचा विचारच सोडावा, ते सरकारचं काम. मी म्हणालो, सरकारच्या दारात उभं राहायला आपण भिकारी आहोत का? त्यावर तो म्हणाला, “भीक कशी? काडेपेटी घेतलीस तरी सरकारला देतोस. घरपट्टी देतोस. दिलेलं परत मागणं ही भीक नाय.”

मी म्हणालो, इथे बघ, शेख कोणाच्या खिशात हात घालत नाही, तरी दवाखाना चालतो.

“म्हणूनच इथं तुझा आवाज निघत नाय,” तो म्हणाला. “उद्या तो दवाखाना परक्यांना बंद झाला तर कोणाला विचारशील? इकाम्याचा परवाना घेऊन गप बसशील. गावात घरपट्टी भरतोस म्हणून तर पंचायतीच्या नावाने, तुझ्या भावाच्या नावाने बोंब मारू शकतोस.”

सगळे हसले. मग वर्गणीवर गाडी आली. रियाजचं म्हणणं, द्यायचंच तर पगाराप्रमाणे द्या. जकात बघा, ज्याच्याकडे आहे त्याच्याकडून चाळिसावा हिस्सा, अल्लाने सगळ्यांवर सारखी बसवली नाही. मी म्हटलं, आणि ईदच्या आधी देतो तो फितरा? तो तर माणशी एकच असतो, हमालाचा तेवढाच आणि शेठचा तेवढाच. मला वाटलं याला गप्प केलं. तर तो म्हणतो, “फितऱ्याने गरिबाची ईद होते, कमालभाई. साकव नाय होत.”

सगळे पुन्हा हसले. पण हे त्याचं डोकं नव्हे, तुझं आहे. तुझी बोली मी ओळखतो. तू मला बाजूला ठेवून जमातीकडून कागद काढू बघतोयस. साकवाच्या ठेकेदाराशी तुझं काही ठरलंय का? मनात आलं ते लिहिलं.

तू विचारलंस की असमाबद्दल मी एक अक्षर का लिहीत नाही. काय लिहू? पहिलं बाळंतपण म्हणून पोर माहेरी आली. डॉक्टर खाडीपलीकडे. ओहोटीत होडी घातली, मधोमध चिखलात रुतली. तुम्ही चौघांनी तिला बाजेवर घालून कमरेइतक्या चिखलातून नेलं, पण नेईपर्यंत मूल गेलं. मुलगा होता, असं जमिलाने लिहिलं. भरती कधी येते हे खाडीकाठच्या माणसाला कळत नाही का, अशरफ? दोन तास थांबायचं होतं. की थांबण्यासारखी तिची हालत नव्हती? हे मला कोणीच सांगत नाही.

असमा सगळ्यांना म्हणते की चाचाने पंच असून साकव घालवला. मी तिला अडवलं नाही.

कमाल


शुवैख, कुवेत
शुक्रवार, ता. १७ जानेवारी १९६४

माझ्या अजीज भावा अशरफ,
अस्सलामु अलैकुम.

रमजान लागला. रोजे धरतोय. खुशालीचं पुढे लिहायला हात धजत नाही, म्हणून आधी झालेलं सांगतो.

आज जमातीत दोन ओळींवर निकाल व्हायचा होता. मी उभा राहिलो आणि सगळ्यांसमोर म्हणालो की हा कागद म्हणजे माझ्या भावाचा डाव आहे, त्याने कोणाचं तरी खाल्लंय. रोज्याच्या तोंडाने म्हणालो. रियाज उठला, माझा दंड धरून मला बाहेर नेलं, गल्लीत उभं केलं आणि तुझं पत्र माझ्या हातात दिलं. म्हणाला, “अशरफने कसम घातली होती, ती मी मोडतोय. वाच.”

तुझे शब्द तुला पाठ असतील, तरी लिहितो, कारण मला ते पाठ झालेत. ‘साकव नको म्हणून गेलेला तो कागद माझ्या भावाच्या सहीचा आहे. तालुक्याला मी डोळ्यांनी पाहिला. गावात कोणाला सांगितलेलं नाही आणि सांगणार नाही. असमाला कळलं तर तिला बाप राहणार नाही. चाचा नसला तरी पोरीचं चालतं. तुम्ही जमातीच्या नावाने दोन ओळी पाठवा म्हणजे जुना कागद आपोआप रद्द होईल आणि भाईचं नाव कुठे निघणार नाही.’

मला वाटत होतं कोणाला माहीत नाही. चोराच्या मनात चांदणं, म्हणून वर्षभर मला तुझ्याच अंगणात चोर दिसत होता. तू मात्र सगळं जाणून मला म्हशीच्या गोष्टी लिहीत होतास.

आता माझ्या तोंडून ऐक. तू साखळी घेऊन खाडीवर गेलास तेव्हा ओव्हरसियर माझ्या पडवीत बसला होता. मी शहाळं फोडून दिलं. पिता पिता त्याने कौलांकडे पाहिलं आणि म्हणाला, “घर नवीन दिसतंय, घरपट्टी चांगली बसेल.” तो चेष्टेत बोलला असेल. माझ्या डोक्यात मात्र तू, तुझा ठराव आणि वाटणी एकदम उभी राहिली. मी म्हणालो, आमच्या गावाला सरकारच्या साकवाची गरज नाही, आम्ही कुवेतवाले बांधू. तो म्हणाला, लिहून द्या. मी दिलं. वर टेरिलीनच्या शर्टातलं पेन काढून दिमाखात सही केली. घरपट्टीही वाचली आणि इज्जतही राहिली, असं त्या वेळी वाटलं. जमातीला मागाहून वळवू म्हटलं. जमातीने मला एक वर्ष वळवलं.

गल्लीत उभ्या उभ्या मी महिने धरले. तो कागद नसता तर फेब्रुवारीत मंजुरी मिळाली असती. मेपर्यंत लाकडी साकव उभा राहतो. ऑगस्टात असमा चालत, नाहीतर बाजेवर कोरडी, पलीकडे गेली असती. मी हे पुन्हा पुन्हा धरून पाहिलं, दर वेळी साकव झालेलाच निघतो. मी माझ्या नातवाला खाडीत घातलं अशरफ, आणि वर तुला भरती-ओहोटी शिकवली.

आत जाऊन मी जमातीला सांगितलं की मघाशी बोललो ते खोटं होतं. सहीचंही सांगितलं. रियाजने नजर वर केली नाही, ते बरं केलं. दोन ओळी लगेच मंजूर झाल्या. जमातीचा कागद सोबत आहे. पण तेवढ्याने तुझ्यावरचा डाग जात नाही, म्हणून हे वेगळं लिहून देतो.

‘मी, कमाल, डिसेंबर १९६२ मध्ये गावाच्या नावाने साकव नाकारल्याचा जो कागद दिला तो गावाला किंवा पंचायतीला न विचारता, घरपट्टी वाचवण्यासाठी दिला. पंच अशरफ यांचा त्यात काही संबंध नव्हता. साकव सरकारने बांधावा. पंचायतीच्या हिश्शासाठी घर बघून जी घरपट्टी बसेल ती मी भरीन.’

हे पंचायतीत वाचून दाखव. तू लपवशील हे मला माहीत आहे, म्हणून याचीच एक नक्कल मी तालुक्याला टपालाने टाकली आहे. आता तुझ्या हातात काही राहिलं नाही, माझ्यावर रागावू नकोस.

आणि हे पूर्ण पत्र, माझ्या आधीच्या दोन पत्रांसकट, असमाच्या हातात दे. जमिलाने वाचून दाखवायला नको, ती मधली वाक्यं गाळेल. असमाला वाचता येतं. वाचून झाल्यावर तिला माझ्याकडून काही सांगू नकोस, माफीही मागू नकोस. ती तुझ्या दारात आली तर आत घे. मला ती पत्र टाकेल की नाही ते तिचं ती ठरवील.

सुगराला सलाम. पोरांना दुआ.

ज्याने सही केली तो,
तुझा भाऊ
कमाल