मूठभर मीठ

काशीदजवळून,
९ नोव्हेंबर २०२५

चि. रुचिका,
आबाचा तुला आशीर्वाद. भात कापून झालं. आजीची तब्येत ठीक आहे. फोन न करता लिहितोय, कारण फोनवर बोललो की ती ऐकते. अक्षर लावून वाच, चौथीपर्यंतच शिकलो.

मे महिन्यात तू ओट्यावर बसून कॅलेंडरच्या मागे तुझ्या लॅबमधल्या पाणी तपासायच्या यंत्राचं चित्र काढलंस, ते मी जपून ठेवलंय. केसासारख्या बारीक सुईतून पाणी येतं, सुईला विजेचा जोर लावलेला, म्हणून त्याचे तुषार होतात. थेंब गरम वाऱ्यात सुकून लहान होतो, पण अंगावरचा विजेचा भार तेवढाच राहतो. तो भार त्याला आतून फाडतो. फुटत फुटत शेवटी पाण्यातल्या विषाचा कण भार घेऊन एकटा हवेत उरतो आणि यंत्र त्याला ओढून त्याचं वजन करतं. आजी म्हणाली होती, "म्हंजे तुजा नळ शिंकतो!" किती हसलीस तू.

मग तू म्हणालीस, "आबा, तुमच्या पाण्यात मीठ फार. सुईवर पांढरी खपली धरली. मिठानेच सगळा भार पळवला. दुसऱ्या कणाला भार मिळाला नाही, तर तो असून यंत्राला दिसत नाही. विहीर खारी झाली का?"

मी म्हणालो, "उन्हाळ्यात होते थोडी."

विहीर कधीच खारी झाली नाही, रुची.

विहिरीजवळच्या ओढ्यात कोणी रसायनाची पिंपं ओतून गेलं, वास सुटला, म्हणून तू विहिरीच्या पाण्याची बाटली भरून ठेवायला सांगितलीस. तू येणार रविवारी, बाटली भरली बुधवारी. चार दिवसांत पाणी नासेल या धास्तीने मी त्यात मूठभर मीठ टाकलं. आपल्या घरात बोंबील, कैरी, जे टिकवायचं त्याला मीठच लावतात. तू विचारलंस तेव्हा समजलं, पण शिकलेल्या नातीसमोर जीभ उचलली नाही.

तू तपासणीच्या कागदावर लिहिलं होतंस, मीठ जास्त, नमुना पुन्हा द्यावा. ते खाली, बारीक अक्षरात. ग्रामपंचायतीने वरचं तेवढं वाचलं, "विष आढळले नाही", आणि फळ्यावर लावलं. लोक परत विहिरीचं पाणी भरू लागले. सगळ्यांत आधी तुझी आजी. हापशीचं पाणी ठेवून विहिरीचं प्यायची. सांगत फिरायची, "माज्या नातीनं तपासलंय, घाबरताय काय?"

तब्येत ठीक आहे असं वर लिहिलं, ते खोटं. दोन महिने अन्न जात नाही. डोळे पिवळे झालेत. अलिबागच्या डॉक्टरांनी लिव्हर सुजलंय म्हणून सांगितलं आणि विचारलं, पाणी कुठलं पिता? मी हापशीचं म्हणालो. पाण्यानेच झालं की नाही, मला काय कळणार? पण रात्रंदिवस तेच डोक्यात घुमतं.

आज सकाळी विहिरीचा दोर सोडून घरी आणला. शेजारची नलू भांडायला आली. "आबा, याड लागलं काय? पाचवा म्हयना हाय मला, तितक्या लांब हापशीवर जाऊ?"
"जा. नायतर मी आणून देतो."
"पन का?"
तिच्या दोन कळश्या मी भरून आणल्या.

तुझ्याकडे निघालेल्या परेशच्या हाती विहिरीच्या पाण्याची नवी बाटली पाठवतोय. बर्फात ठेवली आहे. आत पाण्याशिवाय काही नाही. काय निघेल ते निघो, आधी सरपंचांना फोन कर आणि माझं नाव घेऊन सांग. तू नाव लपवशील, म्हणून उद्या सकाळी मीच पंचायतीत जाऊन सांगणार आहे. तुझ्यावर बोट यायला नको.

आजी अजून विहिरीचंच पाणी मागते. मी हापशीचं देतो. ती विचारते, "रुचीनं तपासलेलं हाय ना?" मी व्हय म्हणतो.

लवकर ये. तिला खरं सांगायचं आहे, एकट्याने होत नाही.

तुझ्या आजीचा गुन्हेगार,
येसाजी आबा