एकच लाईट

मु. पो. काष्टी, ता. श्रीगोंदा
१८ जानेवारी २०२६, रविवार

तीर्थस्वरूप राहीताईंना,

आरतीचा शिरसाष्टांग नमस्कार. तिळगूळ सोबतच्या पिशवीत आहे. रथसप्तमीपर्यंत गोड बोलायची मुभा असते म्हणतात, म्हणून ती सरायच्या आत लिहायला बसले आहे.

फोन सोडून पत्र का, असं तुम्हाला वाटेल. फोनवर तुम्ही "बरं" म्हणाल आणि त्या "बरं"चा अर्थ मला कळणार नाही. शिवाय तुमचा फोन येतो जाऊबाईंच्या मोबाईलवर, आणि त्यांचा स्पीकर कायम चालू. चेंबूरला काय भाजी केली ते आमच्या गोठ्यातल्या गाईलाही ठाऊक असतं. मला जे सांगायचं आहे ते तुम्ही एकट्याने वाचावं असं वाटतं.

इकडे सगळं ठीक. थंडी यंदा चांगलीच पडली. ऊसतोड जोरात आहे, रस्त्याने दिवसभर ट्रॉल्या जातात आणि अंगणात पाचटाचा कचरा उडत येतो. तुम्ही लावलेल्या लिंबाला फळ खूप लागलं आहे. लोणचं घातलंय, मुरलं की पाठवीन. आमची निकिता नगरच्या होस्टेलवर रुळली. हे कारखान्यावरून दमून येतात, पण तब्येत चांगली आहे. मोठ्या भाऊजींचीही तब्येत बरी आहे. म्हणजे आता बरी आहे.

भाऊबिजेला तुम्ही आला होतात तेव्हाचं बोलणं आठवतं? फराळाची ताटं उचलून आपण ओट्यावर बसलो होतो आणि तुम्ही सहज म्हणालात, "आम्ही घरची लाईटची कंपनी बदलली." जाऊबाईंनी सुपारी कातरायची थांबवली.

"बदलली म्हंजी? नवं खांब रवलं का काय?"

"नाही वहिनी, खांब तेच, वायरी त्याच. आमच्या संस्कृतीनं मोबाईलवर अर्ज भरला, माणूस येऊन मीटर बदलून गेला. आता बिल दुसऱ्या कंपनीचं येतं, एवढंच."

"आन् पयली कंपनी रागावली न्हाई?"

आपण सगळे हसलो. भाऊजी हसता हसता खोकले आणि म्हणाले, "राहे, तुमची मज्जा हाय. आमची एकच कंपनी, ती बी पावनीवानी येती-जाती."

मीही हसले. पण ताई, त्या दिवशी माझ्या मनात काहीतरी अडकलं. मला वाटलं, आमच्या घराची कंपनी तर बोर्डसुद्धा नाही. आमची कंपनी म्हणजे मोठे भाऊजी. खांबावरून लाईट त्यांच्या घरात, आणि त्यांच्या पडवीतून ती काळी वायर लिंबावरून आमच्या खिडकीत. आमच्याकडे अंधार झाला तर फ्यूज त्यांच्या पडवीत. "भाऊजी, जरा बघता का?" हे वाक्य मी लग्नानंतर जितक्या वेळा म्हटलं असेल तितक्या वेळा दुसरं कुठलंच म्हटलं नसेल. भाऊजींनी कधी कपाळाला आठी घातली नाही. हे आधीच लिहिते, नाहीतर पुढचं वाचताना तुमचा गैरसमज होईल.

ती वायर तिथे का आहे, हे तुमच्याइतकं कोणाला माहीत? आबा गेल्यावर वाटणी झाली, तुम्ही श्रीगोंद्याला येऊन हक्कसोडीवर सही केलीत. भावांनी साडी घेतली होती, ती तुम्ही परत केलीत. एकच गोष्ट मागितलीत. "चुली वेगळ्या करा, गोठे वेगळे करा. लाईट एकच ठेवा. बिलावर आबांचं नाव येऊ द्या." दोघंही हो म्हणाले. दाराशी उभं राहून मीही मान हलवली होती. मला त्या वेळी ते फार सुंदर वाटलं होतं. आजही वाटतं. म्हणूनच लिहायला जड जातंय.

मागच्या वर्षी बचत गटातून मी घरघंटी घेतली. तुम्ही पाहिलीच आहे, देवघराशेजारी कापड घालून ठेवलेली. तुम्ही विचारलंतही, "चालत नाही का गं?" आणि मी म्हणाले, "चालते की." चालत होती, ताई. पण ती चालू केली आणि पलीकडे इस्त्री किंवा पाण्याची मोटार चालू असली, की फ्यूज जायचा. कोणी काही बोलायचं नाही. भाऊजी स्टुलावर चढून तार घालायचे आणि उतरताना धाप लागायची. त्यामुळे मी दळण दुपारी धरलं, भाऊजी-जाऊबाई आडवे होतात तेव्हा. मग एकदा जाऊबाई नुसत्याच म्हणाल्या, "दुपारी आवाज लई घुमतो गं." तक्रार नव्हती. पण मी वेळ बदलली. दिवेलागणीला दोघं मारुतीच्या पारावर जाऊन बसतात, ती वेळ धरली. कोणाला सांगितलं नाही. कोणाला त्रास नको म्हणून गुपचूप बदलली, याचा मनातल्या मनात थोडा अभिमानही वाटला.

मला काय माहीत नव्हतं ते आता लिहिते. दिवाळीनंतर डॉक्टरांनी भाऊजींना वाफेचं मशीन दिलं होतं, तोंडाला मास्क लावून औषधाची वाफ घ्यायचं. ते दुपारी घ्यायचे. आणि जाऊबाईंनी, आरतीला दुपारी निवांत दळता यावं म्हणून, पारावर जाणं बंद करून वाफेची वेळ दिवेलागणीला नेली होती. त्यांनीही कोणाला सांगितलं नाही.

म्हणजे बघा, दोन्ही घरांनी एकमेकांसाठी जागा सोडली आणि दोन्ही घरं नेमकी एकाच जागेवर येऊन उभी राहिली.

त्या संध्याकाळी मी ज्वारी टाकली, बटण दाबलं आणि सगळं काळं झालं. पलीकडून खोकला ऐकू आला, पण नेहमीचा नाही. मी तशीच धावले. भाऊजी खाटेवर, मास्क तोंडाला तसाच, मशीन बंद, छाती वरखाली होतेय, आणि जाऊबाई एका हाताने त्यांची पाठ चोळताहेत, दुसऱ्या हाताने अंधारात फ्यूजची तार शोधताहेत. मला बघून म्हणाल्या,

"काय न्हाई गं. बोर्डाची गेली आसंल. यील आत्ता."

दारातून रस्त्यावरचा दिवा स्वच्छ दिसत होता, ताई. त्यांनाही दिसत होता, मलाही. माझ्या हाताला पीठ लागलेलं होतं. मी तार घातली, लाईट आली, मशीन सुरू झालं, भाऊजींना हळूहळू आराम पडला. जाऊबाईंनी चहा केला. घरघंटीचं नाव कोणी काढलं नाही.

बोलून वेळ ठरवता आली नसती का? आली असती. हा प्रश्न मी स्वतःला रोज विचारला. पण मला दिसत होतं की वेळ ठरवली तरी ते दोघं माझ्यासाठी मागे सरणार आणि मी त्यांच्यासाठी, आणि एखाद्या संध्याकाळी पुन्हा कोणीतरी चुकणार. घरघंटी विकून टाकावी असंही मनात आलं. पण विकली नाही. ती मला हवी होती, एवढंच.

मी अर्ज केला. संस्कृतीसारखाच, मोबाईलवर. इकडे कंपनी बदलता येत नाही, पण स्वतःचं मीटर मागता येतं. घराचा उतारा वेगळा आहेच. ह्यांनासुद्धा अर्ज गेल्यावर सांगितलं. हे चिडले. "मला इचारायचं तरी! आन् राहीताईला कोन सांगनार?" मी म्हटलं, मी सांगेन. "मग मीटरवर नाव बी तुझंच टाक," म्हणून ताट सरकवून उठले. मी टाकलं. आता हेच ती गोष्ट कारखान्यात रंगवून सांगतात.

भाऊजींना सांगायला मी गेले तेव्हा ते कांद्याच्या रोपांना पाणी देत होते. ऐकून घेतलं. "बरं," म्हणाले. तुमच्या घराण्याचं ते "बरं".

डिसेंबरात वायरमन आला, वाल्मिक, पेडगाव रस्त्याचा. मीटर बसवलं आणि शिडी लिंबाला टेकवून काळ्या वायरपाशी जाऊन थांबला. खाली भाऊजी ओट्यावर बसलेले.

"दादा, काढू का? का राहू दिऊ?"

सरपणाची मोळी घेऊन रस्त्याने चाललेली लंकाबाई तेवढ्यात कुंपणाशी थांबली. "काय आरती, वाटनी आज पुरी झाली म्हनायची!"

 भाऊजीच म्हणाले, "लंके, तुझं सरपन भिजंल दवात, जा घरी." दुपारचं ऊन होतं. मग वाल्मिककडे न बघता म्हणाले, "काढ. लोंबून लोंबून ती बी दमलीया."

वायर खाली पडली तेव्हा लिंबाची थोडी पानं तिच्याबरोबर आली. भाऊजींनी तिचं वेटोळं करून खुंटीला अडकवलं आणि आत गेले. नंतर कितीतरी दिवस आमचं बोलणं चहा-पाण्यापुरतंच. जाऊबाई दही आणून द्यायच्या, वाटी ओट्यावर ठेवायच्या, आत यायच्या नाहीत. मी घरघंटीवरचं कापड काढलं नाही. ज्यासाठी एवढं केलं तेच करायला हात धजेना. मला वाटलं, लंकाबाई खरं बोलली.

मग मागच्या आठवड्यात सकाळी लाईट गेली. म्हणजे आमची नाही, त्यांची. वाल्मिकनं नवीन मीटर दुसऱ्या फेजवर, म्हणजे खांबावरच्या दुसऱ्या तारेवर जोडलंय, आणि गेली होती ती जुनी फेज. मला कल्पना नव्हती; मी पंख्याखाली तिळगुळाचे धुतलेले तीळ वाळवत होते. भिंतीपलीकडून हाक आली.

"ये आरती! तुझी कंपनी चालू हाय का?"

मी खिडकीशी गेले. भाऊजी हातात मशीन घेऊन उभे, मास्कची नळी लोंबतेय. एका हातानं भिंत धरलेली.

"चालू आहे, भाऊजी!"

"मग दे की जरा. का अर्ज करावा लागतो?"

एक्स्टेन्शनचा बोर्ड मी खिडकीतून भिंतीवर ठेवला. जाऊबाईंनी खुर्ची आणली आणि भाऊजींनी तिथेच, लिंबाखाली उन्हात बसून वाफ घेतली. एका मीटरवरून दुसऱ्या घराला असं देऊ नये, हे मला वाल्मिकनं बजावून सांगितलं होतं आणि ते माझ्या डोक्यातून जात नव्हतं. पण बोर्ड काही मी काढला नाही. वाफ संपल्यावर भाऊजींनी मास्क खाली केला.

"आबांनी एकच फेज घेतली हुती. दुसरी आनायला तू लागलीस." मग म्हणाले, "राहीला कळावलं?"

"नाही."

"मी सांगू?"

"नको. मी लिहिते."

"लिव्ह. पन एक लिव्ह त्यात. मी बी वाल्मिकला इचारलं हुतं, आरतीला येगळं मीटर बसंल का म्हनून. पोरीचं मशीन माझ्या खोकल्यापायी झाकून पडलंय, मला दिसत न्हाई व्हय? पन राहीला शबूद दिल्याला. म्हनून गप बसलो."

जाऊबाई मागून म्हणाल्या, "दोगं बी गप बसले आन् मला मातर अंधारात तार हुडकायला लावली!" आणि त्या हसायला लागल्या, आणि मला रडू आलं, आणि भाऊजी म्हणाले, "आता ही का रडाया लागली? बिल आलं का काय?"

ताई, तुमचा शब्द मोडला. मी मोडला, ह्यांनी किंवा भाऊजींनी नाही. त्याबद्दल तुम्ही रागावलात तर ते योग्यच आहे. तुम्ही सगळ्यावरचा हक्क सोडलात आणि एवढं एकच मागितलंत, आणि तेही आम्हाला राखता आलं नाही. भाऊजींच्या बिलावर आबांचं नाव तसंच आहे, ते कोणी बदललेलं नाही. पण हे मी तुमची समजूत घालायला लिहीत नाही.

सांगायला सगळ्यात अवघड वेगळंच आहे. मी वाट बघत होते की मला वाईट वाटेल. खूप वाटायला हवं होतं. पण सकाळी उठून स्वतःच्या भिंतीवरचं बटण दाबते आणि पलीकडे काय चालू असेल याचा विचार करावा लागत नाही, तेव्हा ताई, मला मोकळं वाटतं. जाऊबाई परवा वाटी घेऊन थेट माझ्या स्वयंपाकघरात आल्या आणि घरघंटीवरचं कापड त्यांनीच ओढलं. "आता तरी दळ की बाई," म्हणाल्या, "का तुझ्या कंपनीचा बी फ्यूज जातो?" त्यांनाही मोकळं वाटत असावं. आता त्या काही लागलं तर मागतात. आधी मागायच्या नाहीत, नुसत्या मागे सरायच्या.

चेंबूरला कंपनी बदलली तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, वायरी त्याच आहेत. आमचं उलटं झालं. वायर गेली. बाकीचं जागेवर आहे की नाही, ते तुम्ही येऊन बघा. तुम्ही सांगितलंत तर ती खुंटीवरची वायर भाऊजी परत जोडतील, हे मला माहीत आहे. तसं सांगू नका, एवढंच मागते.

पिशवीत तिळगुळाखाली थालीपिठाची भाजणी आहे. काल दिवेलागणीला दळली. जाऊबाई माझ्या शेजारी बसून धान्य टाकत होत्या, आणि पलीकडे भाऊजींचं मशीन चालू होतं. ते आमच्या घरातून ऐकू येत होतं. भाजणी पूर्ण दळून होईपर्यंत दोन्ही मशीनं चालू राहिली, आणि मग भाऊजींनी ओरडून विचारलं, "राहीची झाली का?"

झाली, ताई. गोड मानून घ्या.

तुमच्या माहेरच्या दोन्ही घरांतून,
धाकटी,
आरती