कोपरा कुरतडलेलं कार्ड

सोलापूर,
दि. ८ जानेवारी २०२४

ती. आक्कास,
धर्मपालचा सविनय जयभीम. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. फोन उचलत नाही म्हणून रागावली आहेस. पण आक्का, फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला ओरडावं लागतं. मग शेजारच्या शांतम्मा दारात येऊन विचारतात, की भावा-बहिणीत जमिनीवरून काही चाललंय का. आपल्याकडे जमीन कुठली? त्यापेक्षा पत्र बरं. पत्रात तुझे कान शाबूत असतात.

इकडे गड्ड्याच्या यात्रेचे पाळणे उभे राहतायत. आमचा लेक सिद्धांत पुण्याहून दर रविवारी फोन करून जेवलात का विचारतो. नाही जेवलो म्हटलं तर पुण्याहून काय डबा पाठवणार आहे, कोण जाणे.

फुकट्याचं मात्र काहीतरी बिनसलंय. पुढचा डावा पाय टेकवत नाही, खांद्याखाली सूज आहे. तुला काय त्याचं म्हणा. मंद्रूपच्या बाजारादिवशी हे कुत्रं माझ्या गाडीत चढलं, मागच्या सीटखाली झोपून सोलापूर स्टँडपर्यंत आलं, तिकीट विचारलं तर माझा हात चाटला, आणि उभ्या कंडक्टरकीत मी सोडलेला हा एकमेव फुकट्या, ही गोष्ट तू सगळ्या करमाळ्याला हसून सांगत असतेस. तेव्हा त्याच्या पायासाठी काही औषध माहीत असेल तर तेही हसून कळव.

माझ्यावर आहे तो लोभ असू दे, त्यातला थोडा कुत्र्यालाही दे.

तुझा,
धर्मपाल

---

करमाळा,
दि. १६ जानेवारी २०२४

चि. धर्मपालास,
चांगुणाचे अनेक आशीर्वाद.

पायाला हळद आणि तूप कोमट करून लाव. तूप लावायचं आहे, चाटायला द्यायचं नाही, हे वेगळं लिहावं लागतंय कारण मी तुला ओळखते. अंगणवाडीत उभा जन्म गेला, तिथली पोरं परवडली पण तू नाहीस.

राजश्री शाळेतून आली आणि माझं पत्र डोकावून वाचलं. सून असली तरी मास्तरीणच ती. म्हणाली, आत्या, हळद-तूप राहू द्या, मामांना म्हणावं आधी पायाचा एक्स-रे फोटो काढून घ्या. तर जनावरांच्या डॉक्टरकडे जा. ते ध्यान म्हातारं झालंय, उड्या मारायचं वय आहे का त्याचं? तुझ्यासारखंच.

शेंगाचटणी संपली. येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हाती पाठव, आणि मागच्यासारखी तिखटाला भिऊन आणू नकोस.

आशीर्वाद आहेतच, ते वापरत जा.

तुझी आक्का

---

सोलापूर,
दि. ५ फेब्रुवारी २०२४

ती. आक्कास,
सविनय जयभीम. वि. वि.

चटणी तुझ्या सतीशच्या ओळखीच्या माणसाकडे दिली आहे. खाऊन डोळ्यांत पाणी आलं तर माझी आठवण समज.

आता दुसरं. फुकट्याला कॅन्सर झालाय, हाडाचा. डॉक्टर आदिनाथ म्हणून तरुण डॉक्टर आहेत, त्यांनी फोटो काढले आणि उजेडासमोर धरून दाखवले. फुफ्फुसातही ठिपके दिसतात. पाय कापून आता उपयोग नाही म्हणाले. दुखणं कमी व्हायला गोळ्या दिल्यात. फार त्रास व्हायला लागला तर एक इंजेक्शन असतं, झोपेतच जातो, असंही म्हणाले. मी म्हटलं, डॉक्टर, तेवढं सोडून बोला.

गोळ्यांचा एक खेळच झालाय. मी भाकरीत गोळी लपवतो. साहेब भाकरी चावून चावून खातात आणि गोळी उंबऱ्यावर स्वच्छ काढून ठेवतात. कुणाचं तिकीट खरं नि कुणाचं खोटं हे ओळखण्यात माझी हयात गेली, पण हा माझ्यावरचा निघाला. शेवटी पेढ्यात घातली तर गेली. आता रोज पेढा लागतो. निम्मा मीच खातो, हे सिद्धांतला कळवू नकोस.

मला भीती वाटते, आक्का. मालन गेली तेव्हा घर अगदी गप्प झालं होतं. फरशीवर ह्याची नखं वाजायची, तेवढाच आवाज. तोही गेला तर मी कुणाशी बोलू?

लोभ आहेच. सध्या जरा जास्त लागतोय.

तुझा,
धर्मपाल

---

करमाळा,
दि. १३ फेब्रुवारी २०२४

चि. धर्मपालास,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून मला भाकरी गोड लागली नाही. त्याला ध्यान म्हटलं ते मागे घेते. बरा झाला की पुन्हा म्हणेन.

मोठी पत्रं लिहीत बसू नकोस. पोस्टातून कार्डांचा गठ्ठा आण आणि आठवड्याला एक टाक. जेवला, झोपला, भुंकला, एवढंच लिही. सतीश म्हणतो मोबाइलवर फोटो मागवू, पण त्या काचेत मला कुत्रं कुठलं नि भाऊ कुठला हे कळत नाही.

रडू आलं तर रड, पण त्याच्यासमोर नको. जनावराला सगळं कळतं. शांतम्मांना माझा जयभीम सांग, त्यांचं लक्ष असतं तुझ्यावर म्हणून मी इथं निवांत झोपते.

आशीर्वाद आहेत, पेढे कमी कर.

तुझी आक्का

---

सोलापूर,
२६ फेब्रुवारी २०२४
(कार्ड)

ती. आक्कास जयभीम. फुकट्याने आज अख्खी भाकरी खाल्ली, वर शांतम्मांकडचा भात. तीन पायांवर गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन मांजर हाकलून आला. कार्डांचा गठ्ठा खाटेवर ठेवला होता, तोही थोडा चाखून पाहिला. मी ठीक. काळजी नसावी, लोभ असावा. धर्मपाल.

---

करमाळा,
दि. १० मार्च २०२४

चि. धर्मपालास,
अनेक आशीर्वाद. राग गेलेला नाही, तरीही आशीर्वाद.

मी सोलापूरला का आले ते तू तुझ्या पद्धतीने गल्लीभर सांगत फिरशील, म्हणून खरं काय झालं ते लिहून ठेवते.

पोस्टमननं कार्ड हातात दिलं. चष्मा आत फळीवर. मला फक्त एवढं दिसलं, की कार्डाचा कोपरा फाटलेला आहे आणि कार्ड सोलापूरचं आहे. आईनं आपल्याला काय शिकवलं होतं? कोपरा फाडलेलं कार्ड म्हणजे मरणाचं. ते उंबऱ्याबाहेरच वाचायचं, बाहेरच फाडायचं, घरात न्यायचं नाही. तू म्हणशील, इतक्या वर्षांपूर्वी धम्म घेतला, तरी हे कसलं धरून बसलीस. मनातून काढलंय रे, डोळ्यांतून जात नाही.

मी ओट्यावरच बसकण मारली आणि माझा धर्मा गेला म्हणून हंबरडा फोडला. चार घरच्या बाया धावत आल्या, त्याही रडायला लागल्या. राजश्री शाळेत, सतीश रानात. तुझ्या फोनवर कुणीतरी दोनदा लावून पाहिलं, तू उचलला नाहीस, मग तर खात्रीच पटली. मी पांढरी साडी नेसले, फळीवरचं हाताला लागेल ते चष्म्यासकट पिशवीत भरलं, कार्ड घरात न नेता बाहेरच तिच्यात कोंबलं आणि मिळाली ती यष्टी धरली. पंच्याहत्तरी उलटल्यापासून माझंही तिकीट लागत नाही. म्हणजे मीही फुकटीच.

टेंभुर्णीला गाडी थांबली. शेजारच्या बाईनं विचारलं, कोण गेलं, कशानं गेलं. म्हटलं, कशानं ते वाचायचं राहिलंय. बाईनं पिशवीतून माझा चष्मा काढून दिला. आणि मी वाचलं, की फुकट्याने आज अख्खी भाकरी खाल्ली.

मेलेला माणूस स्वतःच्या अक्षरात कार्ड लिहितो व्हय, असं राजश्रीनं नंतर मला विचारलं. हे आधी एकीलाही सुचलं नाही. रडायच्या घाईत कोण अक्षर बघतं? मी त्या गाडीत पदर तोंडात धरून हसले, बाईला वाटलं मला झटका आला. परत फिरावं का असं मनात आलं होतं. मग म्हटलं, एवढं रडून झालंय तर तोंड तरी बघून जावं.

तुझ्या दारात शांतम्मांनी पांढरी साडी बघून विचारलं, आज काय कार्यक्रम हाय, आक्का? मी म्हटलं, होता, पण पुढं ढकललाय.

हसणं झालं. आता मोठ्या बहिणीचं ऐक. तू दुधाला गेलास तेव्हा मी फुकट्याजवळ बसले होते. तू गल्लीबाहेर पडेपर्यंत तो मान वर करून बसला होता. तू दिसेनासा झालास आणि त्यानं मान टाकली. जे कण्हायला लागला, ते मला ऐकू आलं, माझ्या ह्या कानांना. तुझी चप्पल वाजल्याबरोबर गप्प झाला, धडपडत उठला आणि शेपटी हलवली. धर्मा, तो बरा नाही. तू घरात असतोस तेवढा वेळ तो बरा असतो.

तू जन्मभर एका गोष्टीचा तोरा मिरवलास, की मी कुणालाही त्याच्या थांब्यापुढं नेलं नाही. म्हातारी झोपली असली तरी उठवून उतरवलं, दोरी ओढून घंटी मारली. मग ह्यालाच का पुढं नेतोयस? त्याचा थांबा आलाय. त्याला घंटी मारता येत नाही, ती कंडक्टरनंच मारायची असते.

वाईट वाटलं तर वाटू दे. आशीर्वाद तसेच आहेत, कमी होत नाहीत.

तुझी आक्का

---

सोलापूर,
दि. २४ मार्च २०२४

ती. आक्कास,
सविनय जयभीम. वि. वि.

उत्तराला उशीर झाला, कारण मी रागावलो होतो. तू चार तास येऊन मला शिकवतेस म्हणून रागावलो. मग तुला खोटं पाडावं म्हणून दुधाला जातो म्हणून निघालो आणि चप्पल हातात घेऊन मागच्या खिडकीशी उभा राहिलो. शांतम्मांनी बघितलं. त्यांना वाटलं, आता ह्यांचंही डोकं गेलं.

तू खोटी नाहीस. त्याने मान टाकली. मला ऐकवेना, पण ऐकलं. मग चप्पल घालून पुढच्या दाराने आलो तर उठायला बघत होता. मी त्याला पहिल्यांदा सांगितलं, की उठू नकोस, माझ्यासाठी उठू नकोस. तेव्हा कुठे त्याने माझ्यासमोर डोकं खाली ठेवलं.

डॉक्टर आदिनाथांना बोलावलंय. येत्या गुरुवारी दुपारी घरीच येतील. इंजेक्शन म्हटलं की मी ज्या माणसाचं तोंड बघत नव्हतो, तो फोनवर म्हणाला, की काका, तुम्ही सांगाल तेव्हाच, घाई नाही. माणूस चांगला आहे. तोपर्यंत पथ्यपाणी बंद. काल त्याने बोंबील खाल्ला, आज सकाळी शांतम्मांनी तुपातला शिरा आणला. सासुरवाडीला आलेल्या जावयासारखा पडून आहे आणि आम्ही वाढतोय.

माझ्या थांब्याच्या बढाया तू लक्षात ठेवशील असं वाटलं नव्हतं. यापुढे तुझ्यासमोर जपून बोलेन.

लोभ आहे, म्हणूनच एवढं बोलतेस, हे कळतं.

तुझा,
धर्मपाल

---

सोलापूर,
२९ मार्च २०२४
(कार्ड)

ती. आक्कास जयभीम. काल दुपारी फुकट्या गेला. डोकं माझ्या मांडीवर होतं. आधी पेढा दिला. त्याने सवयीने आत गोळी शोधली, नव्हती. मग खाऊन टाकला आणि शेपटी हलवली. डॉक्टरांनी त्याला काही कळू दिलं नाही. तो गाडीत चढला त्या दिवशीचा माझा ड्रायव्हर ईरप्पा, त्याचं रान मंद्रूपलाच आहे. त्याने गाडी आणली, जागा दिली. लिंबाखाली पुरला. दोघांनी त्रिसरण म्हटलं. ईरप्पाला येत नव्हतं, तो माझ्यामागून म्हणाला. मी बरा आहे, हे खरं लिहितोय.

हे कार्ड त्याच गठ्ठ्यातलं. कोपरा मी फाडलेला नाही. त्यानेच आधी फाडून ठेवला होता.
धर्मपाल.

---

करमाळा,
दि. ६ एप्रिल २०२४

चि. धर्मपालास,
अनेक आशीर्वाद.

कार्ड पोचलं. ह्या खेपेला चष्मा लावून, उंबऱ्यावर बसून वाचलं. मागल्या वेळच्या बाया पुन्हा गोळा झाल्या आणि आधीच विचारून घेतलं, की आज खरंच रडायचं का. मी व्हय म्हटलं. कुत्र्यासाठी सगळ्या रडल्या. एकीनं तर विचारलं, की पेढ्यात गोळी नव्हती हे त्याला शेवटी कळलं असेल ना. मी म्हटलं, कळलं असेल, म्हणून तर शेपटी हलवली.

जयंतीला मी सोलापूरला येतेय. पांढरी साडी धुऊन ठेवली आहे, ह्या वेळी ती कार्यक्रमाचीच. मिरवणूक शांतम्मांच्या ओट्यावरून बघू. दुसऱ्या दिवशी मला मंद्रूपला ने, मला तो लिंब बघायचा आहे. परत येताना तू माझ्यासोबत करमाळ्याला यायचं आहे, महिनाभर तरी. इथं नखं वाजत नाहीत, पण माझी जीभ दिवसभर वाजते, तेवढ्यावर भागव.

राजश्री शाळेतून आली. ओट्यावर कार्ड बघून तिनं विचारलं, आत्या, हे बाहेरच फाडून टाकू का? तिला मीच शिकवलंय तसं. मी म्हटलं, आण इकडं. ते मी घरात आणलं आणि बाबासाहेबांच्या तसबिरीच्या चौकटीत खोचून ठेवलं. आईच्या शब्दाबाहेर पहिल्यांदाच गेले. चष्मा लावला की त्याच्या दातांच्या खुणा दिसतात.

आशीर्वाद आहेत, तू ये म्हणजे हातात देते.

तुझी,
चांगुणाआक्का