काशीत सोडलेल्या वस्तू

३ जुलै
बँकेनं पंचेचाळिसाव्या वर्षी मला काशीला धाडलं. लोक इथे मरायला येतात, मी बदलीवर आलो. फरक फार नाही. ब्रह्मा घाटाजवळ कस्तुरीकाकूंकडे खोली मिळाली. खिडकीत गंगा, दारात बैल. काकूंनी बजावलं, इथे संकोच करायचा नाही, डटकर जेवायचं. विश्वजीतला फोन केला. बारा वर्षं आम्ही एकत्र राहतो. काकूंना 'मित्र' सांगितलंय. तो 'हॅलो'च्या जागी 'जेवलास का' विचारतो. त्याला कारण आहे. उपाशी राहून मी दोनदा इस्पितळ गाठलंय.

६ जुलै
बाबांचं पिंडदान केलं. पाहुण्यांसमोर ते माझा शर्ट वर करून पोटाला चिमटा घेत: पोरीसारखा चालतो, म्हशीसारखा खातो. मी आठ वर्षांचा. पाहुणे हसत आणि आणखी श्रीखंड घेत.
यज्ञेश गुरुजी म्हणाले, काशीत वडिलांच्या नावानं एक पदार्थ कायमचा सोडायचा. हुशार लोक कारलं सोडतात. मी तळहातावर पाणी घेऊन भात सोडला. गुरुजी चपापले. मला फार हलकं वाटलं.

११ जुलै
पोळी सोडली. डाळही. काकू म्हणतात, बडे धार्मिक निघालात हो. आजवर डॉक्टरांना फसवत होतो, आता देवाला. अंघोळ करताना पोटावर निळा डाग दिसला. दोन बोटांचा.

१५ जुलै
काकूंनी विचारलं, भरदुपारी तुमच्या बंद खोलीत भात कोण भुरकतं. म्हटलं, माकडं असतील. बंदर ढेकर देतात का हो, म्हणाल्या.

१८ जुलै
दूध सोडलं. मी सोडतो ते बाबा खातात. पावलं जड झालीत त्यांची. डाग आता बरगड्यांवर — तिथे चिमटीत येण्यासारखं काही उरलेलं नाही, तरी —
विश्वजीतला सगळं सांगितलं. तो हसला नाही. निघतोच, म्हणाला. माझ्यासमोर एक घास खा, भुतांचं नंतर बघू.

१९ जुलै
बाबा कानाशी. भात झाला, दूध झालं. आता तो 'मित्र' सोड, म्हणतात.
काशीत सोडलेलं परत मिळत नाही.

२० जुलै, सकाळ
विश्वजीत गल्लीत आलाय. डबा घेऊन. हाका मारतोय.
उजव्या तळहातावर पाणी घेतलंय. बाबांनाच सोडणार. जीभ उचलत नाही — म्हणून डाव्या हातानं त्यांचं नाव लिहायचं, पाणी सोडायचं, सुटलो —
डाव्या मनगटावर दोन बोटं —
मी सुमंत, काशीक्षेत्री, आजपासून कायमचा सोडतो — विश्व