न विचारता दिलेली वार

माय,

तू जाऊन इतकी वर्षं झाली तरी मी अजून तुझ्यावर रागावलेली आहे. मेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. मला ते मान्य नाही.

बहात्तरच्या दुष्काळानंतरचं साल. तू तालुक्याच्या दवाखान्यात आया होतीस आणि मी पहिल्या बाळंतपणाला धनजहून, सासरहून, तुझ्याकडे आले होते. पहाटे दवाखान्यातच मुलगी झाली. बाळामागून पडणारी वार आपण आपल्याच अंगणात पुरतो, आणि आपल्या घरात ही गोष्ट साधी नव्हती. तुझी आई गावातल्या मोठ्या घरांच्या बाळंतिणींची वार गाडग्यात घालून पुरायला न्यायची. ते काम तिच्या जन्माला चिकटवलेलं होतं. छप्पनला दीक्षा घेतल्यावर तू ते गाडगं फोडलंस आणि म्हणालीस, यापुढे फक्त आपल्या घरची. हे मला तूच शिकवलंस.

आदल्या दिवशी इंझोरीकडच्या एका बड्या शेतकऱ्याची सून दवाखान्यात आणली होती. भजी तळताना कढई उलटून तिचा उजवा हात कोपरापर्यंत सोलवटला होता. तिचं ओरडणं माझ्या खाटेपर्यंत येत होतं. डॉक्टर तुला म्हणाले, ताजी वार पाहिजे. तू माझी घेतलीस. तिच्यावरचा पातळ पापुद्रा अलगद सोडवलास, मिठाच्या पाण्यात धुतलास, आणि डॉक्टरांनी तो त्या हातावर पसरला. नऊ महिने बाळाभोवती असलेलं ते आवरण जखमेला धरून बसतं आणि नवी कातडी त्याच्या आधाराने सरकत येते, मांडवावर कारल्याचा वेल सरकतो तशी. हे मला तेव्हा कुठे माहीत? मला एवढंच कळलं की ओरडणं थांबलं.

"माह्या पोरीची वार देली काहून? मले इचारलं काहून नाही?"

"इचारलं असतं त तू नाही म्हटलं असतं." तू माझ्याकडे न बघता लंगोटांच्या घड्या घालत होतीस.

तिकडे त्या सुनेच्या सासूला कुणकुण लागली. "काय वो, कोनाची हाय ते?"

"मानसाची," तू म्हणालीस.

"कोन्या मानसाची?"

"माह्या पोरीची. पायजे नसन त काढून टाका. मंग सून वरडली की मले बलावू नोका."

सासू पुढे सरकली, पण सुनेनेच हात छातीशी ओढला. "राहू द्या मामी, आता कुठं आग थांबून राह्यली." तुझ्या त्या उत्तराचा मला अभिमान वाटला, हे खरं. राग मात्र तसाच राहिला.

दीड-दोन महिन्यांनी त्या दोघी सासू-सुना बाळाला बघायला आल्या. सुनेचा हात फिकट, थोडा चुरगळलेला, पण पाचही बोटं वळत होती. सासूने झबलं-टोपडं आणलं होतं. मी पाण्याचा तांब्या पुढे केला.

"नोको, आताच पेली," सासू म्हणाली.

"आमची वार चालते, त पानी काहून नाही चालत?"

सुनेने मान खाली घातली. प्यायली मात्र तीही नाही. त्या गेल्यावर तू मलाच झापलंस, "घरी आलेल्या मानसाले असं टोचून बोलतेत का?" बोलतात, माय. आजही बोलेन.

पुढे लेक तुझ्याकडे ठेवून मी नर्स झाले, तुझ्याशी भांडायला म्हणूनच म्हण हवं तर. जळितांच्या वॉर्डात हाच पापुद्रा तपासून, धुऊन थंड पेटीत ठेवतात. तिथे मी हट्टाने नियम लावला, बाळंतिणीला विचारल्याशिवाय वार हलणार नाही. ती नाही म्हणाली तर दुसऱ्यांदा विचारायचं नाही. डॉक्टर चिडले. चिडू देत. प्रत्येक सहीच्या वेळी मी मनात तुला सुनवायची, बघ, असं विचारतात.

पुढचं कोणालाच सांगितलेलं नाही. हे पत्र कुठल्या पेटीत पडणार नाही, म्हणून लिहिते. निवृत्तीच्या आधीच्या वर्षी पाच-सहा वर्षांची पोर आली, गळा आणि छाती भाजलेली. आमची पेटी रिकामी होती. शेजारच्या बाळंतिणींच्या वॉर्डात एका बाईचं सिझेरियन नुकतंच झालं होतं. रक्ताचे रिपोर्ट ठीक होते, पण ती गुंगीत होती. तासाभराने जागी झाली असती. मी थांबले नाही.

संध्याकाळी तिच्यापुढे कागद धरला आणि विचारलं. "घ्या की, कोणाच्या कामी येत असेल तर," ती म्हणाली, आणि सही केली. घेऊन झाली आहे, हे मी तिला सांगितलं नाही.