कमरेचा आलेख

९ नोव्हेंबर

आज पुन्हा वर्गात पेंगले! सरांनी खडू टेबलावर आपटला तेव्हा जाग आली. शेजारचे न्हावीदादा तोंडावर हात ठेवून हसत होते. हसा! दिवसभर मशीनवर शिवून संध्याकाळी बीजगणिताला बसा, मग कळेल. बेचाळिसाव्या वर्षी दहावीचं खूळ माझंच, बोलणार कुणाला?

धडा मात्र आवडला. फळ्यावर आलेख, टेबलावर प्रसंगांच्या चिठ्ठ्या, आणि कुठला आलेख कुठल्या प्रसंगाचा ते जुळवायचं. नळाखाली भरणारी बादली — चढती रेघ. गार होणारा चहा — आधी भराभर उतरते, मग रेंगाळते. सिग्नलला थांबलेल्या गाडीचं अंतर — सपाट. "सपाट रेघ म्हणजे काहीच घडत नाही," सर म्हणाले. मी म्हटलं, हा तर आमच्या घरचा आलेख! सगळे हसले. सरसुद्धा.

१० नोव्हेंबर

गृहपाठ — घरातले किंवा कामातले खरे आकडे घेऊन आलेख काढायचा. प्रसंग लिहायचा नाही. तो वर्ग ओळखणार.

आमच्या घरात आकडे भिंतीवर! मशीनमागे घरच्यांची मापं मी पेन्सिलनं लिहिते — यांची, सासूबाईंची, माझी. नवीन कपडा शिवला की नवीन आकडा, खाली महिना. वर यांचीच ओळ होती. कमरेचे आकडे उचलले, आलेख-कागदावर ठिपके दिले, जोडले. रेघ कशी आली ते बघितलंसुद्धा नाही, कारण मशीनला तेल घातलेलं आणि त्या वासानं मळमळत होतं. हल्ली तो वासच नको होतो.

११ नोव्हेंबर

आज एकमेकांचे आलेख ओळखायचे होते.

न्हावीदादांचा आलेख आधी झाला. हळूहळू चढणारी रेघ, मग एकदम खाली, पुन्हा चढ. सगळे ओरडले, "केस!" टाळ्या पडल्या. मग माझा कागद फळ्यावर लावला.

डावीकडून उजवीकडे नुसती उतरत गेलेली रेघ. कुठे थांबा नाही.

"मेणबत्ती!" कुणीतरी म्हणालं. "गळकी टाकी." "गॅसचा सिलिंडर." सर म्हणाले, "नेमकं काय ते माहीत नाही, पण एक नक्की — काहीतरी संपत चाललंय."

नवऱ्याची कंबर आहे, हे तोंडातून निघेना. म्हटलं, मेणबत्ती. सर म्हणाले, बरोबर!

१२ नोव्हेंबर

हे जेवताना मी नुसती बघत बसले. "अगं, माझ्या ताटात काय सापडलं?" म्हणाले. एक इंच! वर्षभरात एक इंच गेला आणि रोज समोर बसणाऱ्या बायकोला पत्ता नाही. माप माझ्याच हातानं घेतलं, माझ्याच हातानं लिहिलं. काय डोळे म्हणायचे हे!

१३ नोव्हेंबर

सांगून टाकलं. कागद पुढे धरला. हे लिफ्टदुरुस्तीवाले, म्हणाले, "माझा आलेख वर-खालीच असणार!" मी रडायला लागले तेव्हा कागद हातात घेऊन नीट बघू लागले.

"अगं, पण पँट तर नेहमीसारखीच बसते."

"बसणारच! कमी मापाची मीच शिवली ना!"

सासूबाईंनी आतून विचारलं, काय झालं? आम्ही दोघंही एकदम म्हणालो, काही नाही.

१५ नोव्हेंबर

दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी छाती, पोट, जीभ सगळं बघितलं. रक्त घेतलं, रिपोर्ट उद्या. मग नर्सबाईंनी वजन केलं, कंबर मोजली आणि म्हणाल्या, "छत्तीस."

मी म्हटलं, पस्तीस.

"छत्तीस आहे हो."

मी भांडले! चक्क भांडले! "वीस वर्षं लोकांच्या कमरा मोजतेय, मला शिकवू नका!" बाईंनी टेप माझ्या हातात दिली. मोजली. छत्तीस. पुन्हा मोजली. छत्तीस. म्हणजे मागच्या वर्षी भिंतीवर लिहिलेले तेच छत्तीस.

हे माझ्याकडे आणि मी त्यांच्या पोटाकडे बघत राहिलो. येताना कोपऱ्यावरच्या दुकानातून नवी टेप घेतली. घरी चपलासुद्धा न काढता दोन्ही शेजारी-शेजारी अंथरल्या. नवीचा छत्तीस जिथे, तिथे माझ्या जुन्या कापडी टेपचा पस्तीस!

टेप ताणली गेलीय! रोज गळ्यात घालायची, ओढायची, खिळ्याला लटकवायची, आणखी काय होणार! त्याच टेपनं माप घ्यायचं, त्याच टेपनं कापड कापायचं, मग कपडा बसणारच की! कुणाची तक्रार येणार कशी? चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. माणूस होता तसाच, आणि मी त्याचं रक्त काढायला लावलं.

१६ नोव्हेंबर

रिपोर्ट चांगला. जीव भांड्यात पडला. यांनी दंडावरचा सुईचा डाग दाखवत दोन वेळा चहा मागून घेतला. दिला.

१७ नोव्हेंबर

वर्गात खरं सांगितलं. सर आधी हसले, मग म्हणाले, "टेपच ताणलेली असेल तर घरातल्या सगळ्यांच्या रेघा उतरायला हव्यात. काढून बघा."

घरी येऊन काढल्या. सासूबाईंची रेघ उतरती, अगदी यांच्यासारखी. वा सर! मग माझी.

माझी आधी त्यांच्याबरोबर उतरते आणि गेल्या काही महिन्यांत सपाट.

टेप ताणत चाललीय आणि आकडा हलत नाही. म्हणजे आकडा सपाट, पण मी नाही! नव्या टेपनं कंबर मोजली. भिंतीवरच्या पहिल्या आकड्यापेक्षा अर्धा इंच जास्त. सासूबाईंना हाक मारून म्हटलं, बघा, बसून-बसून सुटलेय मी.

त्यांनी टेपकडे बघितलंच नाही. माझ्याकडे बघत राहिल्या. "वर्गात झोप येते म्हणतेस. तेलाचा वास नको म्हणतेस. पाळी कधी आली होती?"

म्हटलं, वय झालं आता, ती जायचीच.

"चार बाळंतपणं काढलीत मी," म्हणाल्या. "उद्या जा त्या नर्सबाईकडे. आणि भांडू नकोस."

१८ नोव्हेंबर

चौथा महिना.

लेक नोकरीला लागून परगावी गेली, आणि मला चौथा महिना! परीक्षा मार्चमध्ये. पोट बेंचमध्ये मावेल का, हा पहिला विचार आला. मग रस्त्यातच एका दुकानाच्या पायरीवर बसले आणि हसतेय की रडतेय ते माझं मलाच कळेना.

संध्याकाळी यांना सांगितलं. हातातला पाना खाली ठेवला. बसले. पुन्हा उभे राहिले. माझ्या पोटाकडे बघून हळूच म्हणाले,

"टेप नवीच होती ना?"